सोलरवर ऑक्सिजन चालतो का

ह्यांचं आयुष्य रेल्वेत सिग्नलच्या कामावर गेलं. निवृत्त झाल्यावर ह्यांनी शाळेची एक जुनी व्हॅन घेतली आणि आमच्या लोणावळ्याच्या अंगणात उभी करून तिचं घर करायला घेतलं. बाकं काढून पलंग बसवला, लहानसा ओटा केला, टपावर सोलरचे दोन पॅनेल टाकले, पलंगाखाली बॅटरी. दोघांनी हिंडायचं ठरलं होतं. गाडी तयार झाली त्याच सुमाराला ह्यांचा खोकला हटेना. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं कडक होत चालली आहेत. काही महिन्यांत घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीतून नाकाशी देणारं, बॅगेएवढं यंत्र. ते विजेवर चालतं. लाईट गेली की थोड्या वेळात ह्यांची नखं निळसर व्हायला लागायची. तेव्हा मी छोटा सिलिंडर जोडायची आणि लाईट येईपर्यंत त्याच्या काट्याकडे बघत बसायची.

ह्यांना एकदा तरी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं. ह्यांचे आईवडील जाऊन आले होते, हे मात्र दरवेळी ड्युटीत अडकले. आता यंत्र घेऊन रेल्वेनं जायला डॉक्टर तयार नव्हते. “आपली गाडी आहे की,” हे म्हणाले. “दिवसा सोलरवर यंत्र चालेल, रात्री कुठंतरी लाईट घेऊ. आधी एक दिवस चालवून बघू.”

मी नको म्हटलं. अंगणात बघा म्हटलं. पण अंगणात आंब्याची सावली, आणि ह्यांना खरी चाचणी हवी होती. व्हॅन चालवायला मी तोवर शिकले होते. पाऊस ओसरल्यावर एका सकाळी आम्ही लोहगडवाडीला गेलो आणि गडाखालच्या मोकळ्या जागेत गाडी उभी केली.

सकाळभर ढग होते. यंत्र घरघरत होतं आणि बॅटरीचा आकडा उतरत होता. हे पलंगावर टेकून त्या आकड्याकडे बघत होते, मी ह्यांच्याकडे. दुपार व्हायच्या आत ढग फाटले आणि टपावर लख्ख ऊन पडलं. आकडा थांबला, मग हळूहळू चढायला लागला. “बघ!” म्हणून हे हसले. कितीतरी दिवसांनी असे हसले होते. मी चहा टाकायला उठले.

तेवढ्यात वास आला. प्लॅस्टिक जळाल्याचा. पलंगाशेजारच्या कपाटात टपावरून तारा उतरल्या होत्या. मी दार उघडलं तर आतून धूर आला. गाडीत ऑक्सिजन आहे, एवढंच माझ्या डोक्यात आलं. यंत्र बंद केलं, सिलिंडर काखेत मारला, ह्यांच्या नाकाची नळी त्याला जोडली आणि ह्यांना धरून खाली उतरवलं. समोरच्या भज्यांच्या टपरीवरची बाई धावत आली.

“काय झालं, ताई? आबांला हितं बसवा, हितं.”

तिनं खुर्ची दिली. हे बसेनात, पुन्हा गाडीकडे निघाले. “कपाटातले खटके पाडायला हवेत,” म्हणाले. एवढ्यानंच ह्यांना धाप लागली. मी दोन्ही हातांनी ह्यांना खुर्चीत दाबलं.

“मला सांगा. मी जाते.”

“आधी टपाचा, डावीकडचा. मग बॅटरीचा. उलटं करू नको.”

मी तोंडाला पदर लावून आत गेले. डावा खटका पाडला, मग दुसरा. धूर कमी झाला. दोन तारांचा एक जोड वितळून काळा झाला होता, आणि त्याच्या मागची फळी तपकिरी पडली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर तिनं पेट घेतला असता.

मी टपरीवाल्या बाईला विचारलं, यंत्र तुमच्याकडे लावू का? ती कळवळून म्हणाली, “सकाळपास्नं लाईटच न्हाई ओ. कवा येईल, काय सांगावं?” शेवटी ह्यांना सिलिंडरसकट पुढच्या सीटवर बसवलं आणि मीच गाडी खाली आणली; इंजिनाची बॅटरी वेगळी होती. वळणावळणावर सिलिंडरच्या काट्याकडे नजर जात होती. घरी लाईट होती. यंत्र सुरू झालं तेव्हा मी जमिनीवरच बसले.

त्या संध्याकाळी आमचं भांडण झालं, इतक्या वर्षांत झालं नव्हतं असं.

“माझ्यासमोर तुम्ही जळाला असता,” मी म्हणाले.

“आणि घरात बसून माझं काय होतंय?” हे म्हणाले. “भिंतीतल्या प्लगला बांधल्यासारखा झालोय मी.”

तिसऱ्या दिवशी मी शिडी लावून टपावर चढले. हे खाली खुर्चीत बसून सांगत होते, मी एकेक जोड ओढून बघत होते. आणखी एक सैल निघाला. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून सगळ्या तारा बदलून घेतल्या. तो काम करत असताना मी शेजारी उभी राहून एकेक गोष्ट विचारून घेतली.

दुसरी चाचणी कान्ह्याला माझ्या भावाच्या शेतात केली. घराच्या भिंतीलगत, लाईटची वायर हाताशी ठेवून. दिवसभर ऊन होतं. यंत्र एकदाही अडलं नाही, कपाट गार होतं, आणि ऊन उतरलं तरी बॅटरीत बरंच शिल्लक होतं. भाऊ म्हणाला, “झालं की मग, निघा आता!”

हे गाडीतून उतरायला गेले तर पायरीवरच थांबले. दिवसभर नुसते पडून होते, तरी एक पायरी उतरवेना. भावानं आणि मी मिळून ह्यांना खाली घेतलं. ह्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, त्याचं वजन मला कितीतरी कमी झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी ऑक्सिजन वाढवला. त्याच्यासाठी मोठं यंत्र आणावं लागलं, आणि ते आमच्या बॅटरीवर दुपारपर्यंतसुद्धा चालणार नाही, हे ह्यांनी कागदावर आकडे मांडून मलाच समजावलं. अगदी शांतपणे. मग कागद दुमडून ठेवला आणि म्हणाले, “गाडी आठवड्यातून एकदा चालू करत जा. उभी राहून बिघडते.”

दर रविवारी मी ती चालू करते. खिडकीतून हे इंजिनाचा आवाज ऐकत असतात.