पाटावरचं पुस्तक

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या शारदाबाईंचा धाकटा भाऊ दारूपायी गेला, तेव्हापासून घरात दारूचं नावही निघत नसे. दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी पाट मांडला, तेव्हा शहराबाहेर वसलेल्या नव्या राजधानीतल्या हॉटेलात नोकरीला लागलेल्या त्यांच्या मुलानं, अभिनवनं, आपलं जाड इंग्रजी पुस्तक त्यावर ठेवलं. शारदाबाईंनी हळदकुंकू वाहिलं. मग लेकीनं, मंजिरीनं, नाव वाचलं: व्हिस्की आणि मिश्र पेयं.

शारदाबाईंनी उचललेलं निरांजन खाली ठेवलं. "तू तं हिशेब लिहितो म्हणे. दारू पाजून राहिला लोकायले?"

"हव, आई. पोट त्याच्यावरच चालते. पाटावर खोटं पुस्तक कसं ठेवू?"

"काढू का?" मंजिरीनं विचारलं.

"मांडलेली पूजा हलवत नसतात," त्या कशाबशा म्हणाल्या. आरती मात्र त्यांच्या तोंडून निघेना. ती अभिनवनंच म्हटली.