बंदुकीची दारू आणि आमची म्हैस

नवी सून होते तेव्हा मला वाटायचं, गुरांचं सगळं मलाच कळतं. आमची म्हैस पान्हा चोरू लागली, तेव्हा मी बेधडक आळ घेतला तो शेजारच्या पेन्शनीवर आलेल्या शिपायाच्या बंदुकीवर. भातात शिरलेल्या रानडुकरांवर तो पहाटे बार टाकायचा, नेमका माझ्या धारेच्या वेळी.

भांडायला गेले, तर गृहस्थ टाचा जुळवून उभा. "हुकूम!" म्हणाला. त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच निघायचं, बायकोशी बोलतानासुद्धा.

काडतुसं तो घरीच भरायचा. मग माझ्या तक्रारीपायी हलक्या बाराची दारू शोधणं सुरू झालं. एकदा जुनी दमट, एकदा घाटात सुरुंगाला लागते ती जाडीभरडी. चिमूटभर तळव्यावर घेऊन हुंगायचा आणि तिलाच दटावायचा, "गप ऱ्हायाचं, शेजारी म्हैस हाय!" बार झाला की कुंपणावरून विचारायचा, "हुकूम! सोडला का गं पान्हा?"

म्हैस ढिम्म. शेवटी बार इतका मवाळ झाला, की गोळी डुकरापुढं पडली आणि डुकरानं ती हुंगून पाहिली. निम्मं भात फस्त झालं.

अशात माझ्या नव्या पैंजणांची कडी तुटली. ते काढून ठेवून तशीच गोठ्यात गेले, तर शेजारी बार होऊनही म्हशीनं कासंडी भरून दूध दिलं. ती बुजत होती माझ्या छुमछुमीला!

दुधाचा तांब्या घेऊन कबुली द्यायला गेले. तो सगळं दूध प्यायला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "हुकूम, सूनबाय! बंदूक ऱ्हाऊ दे घरात. उद्यापास्नं पैंजण घालून माज्या बांधावर तूच फिर गं."