खुर्च्या नसलेली खोली

आमच्या रेडिओवर दर शुक्रवारी सकाळी आधी मयतांच्या बातम्या असतात आणि लगेच पाठोपाठ डेल्फिया स्टॅम्पर. हा क्रम मीच लावला. मयतांच्या बातम्या आमच्या खोऱ्यात झाडून सगळे ऐकतात, आणि त्या संपल्यावर रेडिओ बंद करायला कुणी उठायच्या आत डेल्फियाचं तोंड सुरू होतं. त्यामुळे पूर्व केंटकीच्या या डोंगरांत ज्यांनी जन्मात व्हिडिओ गेमला हात लावला नाही, अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही कुठला गेम बरा आणि कुठला टाकाऊ हे पक्कं ठाऊक असतं.

डेल्फियाने उमेदीची सगळी वर्षं शाळेची बस चालवली. तिचा एक नियम होता. पोराला उतरवलं की ते घराच्या दारात शिरेपर्यंत बस हलवायची नाही. मागे गाड्यांची रांग लागो, कुणी हॉर्न वाजवो, ही आपली आरशात बघत बसलेली. एकदा मीच मागे अडकलो होतो आणि खिडकीतून डोकं काढून ओरडलो, तेव्हा तिने इंजिनच बंद केलं. या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही हे मला त्या दिवशी कळलं.

नवरा आर्व्हिल कोळशाच्या धुळीने छाती भरून गेला आणि घर खायला उठलं, तेव्हा ती वाचनालयात जाऊन बसू लागली. तिथे कुणीतरी देणगी दिलेलं गेमचं यंत्र होतं. हाताला स्टिअरिंगची सवय, म्हणून तिने ट्रक चालवायचा गेम लावला आणि पहिल्याच घाटात त्याच्यावर खेकसली, "या गिअरमध्ये कोण उतरतं रे मेल्या?" मी पेपर वाचत शेजारीच होतो. तिला तिथूनच उचलली आणि माइकसमोर बसवली.

ती हातचं राखून कधी बोलली नाही. तलवारबाजीच्या एका गाजलेल्या गेमबद्दल ती म्हणाली होती, "एवढी माणसं मारली, पण कुणाच्या घरी कळवायला कुणी गेलं नाही." तेवढंच बोलली आणि उठली. उरलेला वेळ मला बॅन्जोच्या रेकॉर्ड लावून भरावा लागला.

मग एलरी फ्युगेटचा गेम आला.

एलरी आमचाच. डेल्फियाच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसणारा, खिडकीच्या वाफेवर चित्रं काढणारा. त्याचा बाप टॉलबर्ट खाणीचं छत अंगावर कोसळून गेला. प्रेत घरी आणलं, पुढच्या खोलीत शवपेटी ठेवली, आणि त्याच संध्याकाळी एलरी घराबाहेर पडला तो परत आलाच नाही. दफनालाही नाही. महामार्गावर कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसताना तो दिसला होता, एवढंच लोकांना माहीत. पुढे तो पश्चिमेकडे कुठल्या शहरात शिकला, गेम बनवू लागला, सणासुदीला आईला फोन करत राहिला. पण इकडे पाऊल टाकलं नाही. त्यावर आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं जीभ चालवली. मीही चालवली.

आता त्याच्या गेमची मोठ्या शहरांतून वाहवा चालली होती. त्याची आई रोडा आमच्या रेडिओ स्टेशनच्या समोरच, रस्त्यापलीकडे राहते. ती डेल्फियाला स्टेशनच्या पायऱ्यांवर गाठून म्हणाली, "यंदा कबरी सजवायच्या रविवारी येतोस का म्हणून विचारलं मी त्याला. 'बघतो' म्हणाला गं. आजवर नुसतं 'नाही' म्हणायचा."

"बरं मग?"

"मग तू रेडिओवर चांगलं बोल. तो ऐकतो तुला, नेटवर. तू त्याला फाडून खाल्लंस तर तो यायचा नाही."

"रोडा, मला खोटं बोलता येत नाही."

"माहीत आहे. माझ्या केकलासुद्धा कोरडा म्हणाली होतीस, तेही चर्चमध्ये. एकदा बोल. माझ्यासाठी."

डेल्फियाने काही कबूल केलं नाही. ती सरळ वाचनालयात गेली.

गेम अजब होता. त्यात नदी डोंगर चढून जाते. खाणीच्या पोटात कंपनीचं दुकान आहे, तिथे एकेक आठवण देऊन पीठ घ्यावं लागतं, आणि वाटेत एक खेचर भेटतं जे हवामानाचा अंदाज सांगतं. डेल्फियाला यातलं काहीच खटकलं नाही. "आर्व्हिलनेही छातीतला श्वास देऊनच पीठ आणलं की," ती म्हणाली. तिची तक्रार एवढीच की खाणीतलं खेचर इतकं स्वच्छ नसतं.

ती अडली ती एका खोलीत. आपण मुलगा असतो. समोर बापाची शवपेटी, खोलीला एकच दार. दारातून बाहेर पडलं की गेम पुढे सरकतो. डेल्फिया बाहेर पडेना.

वाचनालयातली मुलगी म्हणाली, "मावशी, अडकलात का? दाराकडे जा आणि ते बटण दाबा."

"मयताला एकटं टाकून?"

"अहो, खेळ आहे तो."

"मग खेळताना रीतभात सोडायची? दुसरं कुणी येऊन बसल्याशिवाय उठायचं नसतं. बघू, येईल कुणीतरी."

कुणी येईना. डेल्फिया बसून राहिली. दुपारी मुलीने मला फोन केला, म्हणून मी तिला समजवायला गेलो. मला बघताच डेल्फिया म्हणाली, "बरा आलास. बस इथे, मी जरा पाय मोकळे करून येते." आणि मी, शहाणा माणूस, त्या पडद्यासमोर बसलो! उठायचा धीर मलाही होईना. मग हार्डवेअरच्या दुकानातला बर्ल डोकावला. त्याने विचारलं, मी सांगितलं, त्याने टोपी काढली आणि शेजारी टेकला. कुणी राजम्याची आमटी आणि मक्याचा पाव आणला. टॉलबर्टने एकदा पाद्रीबुवांच्या गाडीत कोंबडा कोंडला होता ती गोष्ट निघाली, तेव्हा पुस्तकांच्या त्या शांत खोलीत आम्ही पोट धरून हसलो. वाचनालय बंद करायची वेळ झाली. मुलीने यंत्र बंद केलं तेव्हा ती हळूच "माफ करा" म्हणाली. कुणाला म्हणाली, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी डेल्फियाने नाइलाजाने ते दार ओलांडलं आणि गेम संपवला. शुक्रवारी ती माइकसमोर बसली. मी काचेतून तिला हात जोडून दाखवले. तिने दुसरीकडे बघितलं.

"एलरी फ्युगेटचा गेम खेळले," तिने सुरुवात केली. "पोराचा हात चांगला आहे. डोंगरावर चढणारी ती नदी बघून मला आमचं पुराचं साल आठवलं, आणि रडू आलं. पण एक खोली खोटी आहे. घरात मयत आहे आणि बसायला एक खुर्ची नाही. असं घर या डोंगरात मी पाहिलेलं नाही. ज्या घरात खुर्च्या नसतात तिथे शेजारी आणतात. खुर्ची नाही म्हणजे कुणी बसणार नाही असं बनवणाऱ्याने आधीच ठरवलंय. आणि एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येत नाही. मी खूपदा प्रयत्न केला. दार बाहेरून उघडतच नाही. दुःखाचा गेम म्हणतात याला. मी म्हणते, अर्ध्या दुःखाचा. बसणाऱ्यांचं अर्धं यात आलंच नाही."

मी बॅन्जोची रेकॉर्ड लावली. ती संपायच्या आत रोडा रस्ता ओलांडून, पीठ लागलेल्या हातांनी, तशीच आत घुसली. मला वाटलं, आता ही डेल्फियाच्या झिंज्या धरणार. पण ती खाली बसली.

"खुर्च्या मीच आणायला सांगितल्या होत्या," ती म्हणाली.

आम्हाला कळेना.

"त्या संध्याकाळी. माणसं यायला लागली होती आणि घरात बसायला काही नव्हतं. मी त्याला म्हटलं, जा, चर्चच्या तळघरातून खुर्च्या घेऊन ये. तो नको म्हणत होता. शवपेटीची कड धरून उभा होता. मी त्याची बोटं सोडवली गं. म्हटलं, लोक काय म्हणतील, जा लवकर. आणि तो गेला."

डेल्फिया उठून तिच्याजवळ गेली. तिने रोडाच्या खांद्यावर हात ठेवला. "इतकी वर्षं मला बोलली नाहीस?"

"काय बोलू? बापाच्या मयतावरून पोराला आईने घालवलं, हे बोलू?"

डेल्फिया तिच्या शेजारी टेकली. मग म्हणाली, "रोडा, गेममध्ये त्याला कुणी पाठवत नाही."

"म्हणजे?"

"आई आहे त्यात. कोपऱ्यात उभी आहे. पण ती काही बोलत नाही. तो आपणहून उठतो आणि जातो."

रोडा तिच्याकडे बघत राहिली. "माझं नाव नाही घेतलं त्याने?"

"नाही घेतलं. सगळं स्वतःवर घेतलंय."

तेव्हा रोडा रडली. पीठ लागलेले हात तोंडाला लागले आणि चेहरा पांढरा झाला, आणि उठसूट त्या पोराला कृतघ्न म्हणणाऱ्या मला कुठे बघावं कळेना. मला माझी लाज वाटली, हे सांगून टाकतो.

"पुढच्या शुक्रवारी बोलू का यावर?" डेल्फियाने विचारलं.

"बोल. पण त्याला दोष देऊ नकोस."

"मी गेमची चिरफाड करते, पोरांची नाही."

एकाच गेमवर दोनदा बोलायची तिची ती पहिलीच वेळ. मयतांच्या बातम्या झाल्या. डेल्फियाने चष्मा काढून ठेवला.

"एलरी," ती म्हणाली, "हे सगळ्यांसाठी नाही, तुझ्यासाठी आहे. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल, ऐकणारच आहेत मेले. मागच्या वेळी मी म्हणाले की तुझी खोली खोटी आहे. चुकले. तू बाहेर पडलास तिथवरचं तू बनवलंस, पुढचं तू पाहिलंच नाहीस, तर बनवणार कुठून? मग ते मी सांगते. बर्ल उलट्या बादलीवर बसला. पाद्रीबुवा लाकडाच्या खोक्यावर. आर्व्हिलने आमच्या गाडीची मागची सीटच काढून आणली आणि आम्ही दोघं तिच्यावर. तुझी आई तुझ्या बापाच्या जेवणाच्या डब्यावर, अगदी शवपेटीला टेकून. सुक्या सफरचंदांचा केक आला होता, तो रोडाच्या केकपेक्षा ओला होता. कोंबड्याची गोष्ट निघाली आणि तुझी आईसुद्धा हसली. टॉलबर्ट एक क्षण एकटा नव्हता. खुर्च्या नव्हत्या म्हणून कुणाचं काही अडलं नाही, बाळा. कुणाच्या लक्षातही आलं नाही."

ती थांबली. मला वाटलं, संपलं. मी रेकॉर्डला हात लावला, तिने बोटानेच नको म्हटलं.

"राहिलं ते दाराचं. ती चूक मी अजूनही चूकच म्हणणार. दार बाहेरून उघडलं पाहिजे. तू लहान असताना तू घरात शिरेपर्यंत मी कधी बस हलवली नाही. त्या दिवशी तू बाहेर गेलास, आत आलेला मी पाहिला नाही. माझी बस अजून तिथेच उभी आहे."

त्या दिवशी मी पुढची रेकॉर्ड लावायला विसरलो, आणि एरवी सुईही चुकली तर फोन करणाऱ्या आमच्या लोकांपैकी एकाचाही फोन आला नाही.

एलरीने काहीच कळवलं नाही. रोडा रोज स्टेशनात येऊन काही निरोप आहे का विचारायची, आणि मी नाही म्हणायचो.

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी, कबरी सजवायच्या दिवशी, आम्ही डोंगरावरच्या कबरस्तानात जमलो. गवत कापलेलं, कबरींवर कागदाची आणि प्लॅस्टिकची फुलं, झाडाखालच्या फळ्यांवर पातेली मांडलेली. रोडा टॉलबर्टच्या दगडापाशी उभी होती. बर्लने तिला बसायला काहीतरी देऊ केलं, ती नको म्हणाली. डेल्फिया फाटकाजवळ रस्त्याकडे तोंड करून उभी होती आणि जेवायला बोलावलं तरी हलली नाही.

दुपारी चर्चचा जुना ट्रक चढण चढून आला. दाढीत पांढरे केस आलेला एक माणूस उतरला. त्याने आमच्याकडे बघितलं नाही. ट्रकच्या मागून त्याने घडीच्या लोखंडी खुर्च्या काढायला सुरुवात केली. चर्चच्या तळघरातल्या त्याच, तपकिरी, पाठीवर चर्चचं नाव असलेल्या. दोन्ही बगलांत जेवढ्या मावतील तेवढ्या घेऊन तो कबरींमधून चालत आला. मदतीला कुणी पुढे झालं नाही. डेल्फियाने बर्लला बाहीला धरून थांबवलं होतं.

टॉलबर्टच्या दगडाशी येऊन त्याने खुर्च्या खाली ठेवल्या. एक उघडली. ती गंजलेली होती, जोर लावावा लागला. मग ती आईच्या मागे सरकवली आणि मान खाली घालून उभा राहिला.

रोडाने खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"किती वेळ लावलास रे," ती म्हणाली, आणि बसली.