सव्वीस वर्षांनी काढलेला आप्पांचा फोटो

१९७२ साली मी पस्तीस वर्षांचा होतो आणि त्याच साली आम्ही आमच्या वडिलांचा फोटो काढला. वडील वारून तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती.

आमच्या आप्पांना फोटोचं वावडं. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं त्यांचं मत. (काढला नाही तरी चाळिशीत गेले. पण माणूस मताला पक्का.) कोल्हापुरात मंगळवार पेठेतून टांगा चालवायचे. त्यांचा चाबूक, पितळी डबा, घोड्याच्या गळ्यातली घुंगरं, सगळं घरात राहिलं. तोंड तेवढं राहिलं नाही.

आप्पांची थोरली बहीण तानुआत्ती गडहिंग्लजला दिलेली. दर वर्षी पितृपक्षात आप्पांच्या म्हाळाला एस्टीनं यायची. फोटोच्या आदल्या वर्षी वाढलेल्या ताटावर बसून मला म्हणाली, "मारत्या, डाक्टर म्हणतोय नजर आणखी वरीसभर टिकंल. त्याच्या आत एकडाव भावाचं तोंड बघाय मिळालं असतं तर बरं झालं असतं."

सगळे खाली मान घालून जेवत राहिले. मीही जेवायला हवं होतं. मी म्हणालो, "फुडच्या म्हाळाला आप्पांचा फोटो पाटावर असंल. माझा शब्द."

माझं शिक्षण दुसरी. पण दिलेल्या शब्दाच्या बाबतीत मी एम. ए.

आप्पांचं तोंड मला चांगलं आठवतंय, अशी माझी समजूत होती. ती पेठेतल्या पेंटरच्या दुकानात बसेपर्यंत टिकली. हा पेंटर सिनेमाचे बोर्ड रंगवायचा.

"नाक कसं हुतं?" पेंटरनं विचारलं.

"सरळ."

"म्हंजे कसं सरळ?"

"आमच्या घराण्यात वाकडं काय नसतंय."

पेंटरनं ब्रश खाली ठेवला. "असं करा, ज्यांनी बघितलंय त्यास्नी इचारून या."

मी घरी येऊन आईला गाठलं. ती तांदूळ निवडत होती. आप्पांबरोबर पंधरा वर्षं संसार केलेली बाई, तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मी कुठं बघितलंय?" आई म्हणाली.

"बघितलं न्हाईस म्हंजे? नवरा हुता की तुझा."

"घरात सासू, सासरा, दोन दीर. डोईवरचा पदर नाकापतोर. वर बघायची टाप हुती व्हय? पाय इचार, सांगते. डाव्या अंगठ्याचं नख काळं, घोड्यानं तुडवल्यालं. खोकला इचार, करून दावते."

आणि तिनं खोकून दाखवलं. हुबेहूब आप्पा. पण खोकल्याचं चित्र काढणारा पेंटर कोल्हापुरात नव्हता.

तोडगा माझ्या थोरल्या भावानं, दादानं काढला. आमच्याकडं पोर जन्मलं की बायका बारशाआधी अवयव वाटून मोकळ्या होतात. नाक ह्याचं, कान त्याचे. तर ज्याच्याकडं आप्पांचं जे काही असेल, ते त्यानं पेंटरच्या दुकानात घेऊन जायचं. दादा नाक घेऊन गेला. काका कपाळ घेऊन गेले. शालन, माझी चुलतबहीण, हनुवटी घेऊन गेली आणि "हनुवटीच काढा हं, बाकीचं माझं हाय," असं पेंटरला बजावून आली. मी रोज सायकलचं दुकान बंद करून पेंटरच्या पाठीमागं उभा राहायचो आणि चुका काढायचो.

मिशीवर घोडं अडलं. दादा म्हणे जाड होती, काका म्हणे पातळ. दोघांचा आठ दिवस अबोला झाला. शेवटी मी निकाल दिला, "जाड, पण पातळ." पेंटरनं माझ्याकडं न बघता तशी काढली. (कशी काढली ते विचारू नका.)

राहिले डोळे. आप्पांचे डोळे आपल्याकडं आहेत असं म्हणणारा कुणी निघेना. म्हाळ चार दिवसांवर आला, तेव्हा पेंटरनं ते आपल्या मनानं घातले. त्या आठवड्यात त्याच्याकडं एका सिनेमाचा बोर्ड होता. त्यात खलनायक खिडकीतून नायिकेकडं बघत होता. ते डोळे आप्पांना बसले.

काच लावून फोटो घरी आणला. शेजारचं पोर रडत पळालं. आईनं एकदा बघितलं, पदर नाकापर्यंत ओढला आणि आत निघून गेली.

"बघा, वळखलं," मी म्हणालो.

"परका माणूस दिसला म्हणून वढला पदर," दादा म्हणाला.

म्हाळादिवशी आत्ती आली. फोटो पाटावर, हार घातलेला, पुढं वडे, खीर, आळूची भाजी. आत्ती पिशवीसकट पुढं गेली, वाकली आणि काचेला नाक लागेस्तोवर बघत राहिली.

"ह्यो कोण?"

"आप्पा," मी म्हणालो.

"न्हवं."

"आत्ती, आप्पाच हाय त्यो."

"मारत्या, मी त्याला कडंवर घिऊन फिरलीया."

तिचा आवाज कापला. वर्षभर ही म्हातारी एवढ्या एका गोष्टीवर नजर धरून बसलेली. अशा वेळी शहाणा माणूस 'चुकलं' म्हणतो. मी आवाज चढवला, "तुला दिसत न्हाई नीट. सगळ्या घरानं मिळून काढलाय, चुकंल कसा? मी सांगतो, ह्योच आप्पा."

आत्ती वळली. तिनं माझी हनुवटी धरली, दाराच्या उजेडाकडं फिरवली आणि हसायलाच लागली.

"पाटावर काय बघताय? ह्यो हितं हाय की!"

"कोण?"

"माझा भाऊ. मला पयल्यांदा सासरी धाडायचं हुतं तवा म्हणाला, टांग्याचं चाक मोडलंय. चाक समोर धडधाकट. आमचा बा चाबूक घिऊन हुबा. तरी ह्याचं एकच, मी सांगतो, मोडलंय. अश्शीच भुवई चढल्याली, खालचा व्हट असाच फुडं. तेच्यामुळं दोन दिस जास्ती म्हायेरात ऱ्हायले मी."

ती माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली. मला मान हलवता येईना. तेवढ्यात आई आतून बाहेर आली. पदर मागं सारून माझ्यासमोर उभी राहिली आणि पस्तीस वर्षं रोज बघितलेल्या तोंडाकडं नव्यानं बघू लागली.

"असा हुता व्हय," ती म्हणाली. "बरा हुता की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान न उघडता फोटो बगलेत मारून पेंटरकडं गेलो आणि पाठीमागं न थांबता त्याच्या पुढ्यात स्टुलावर बसलो. पेंटर बघतच राहिला.

"आवो, तुमी आदीच का न्हाई बसला फुडं?"

"बोल कमी. भुवई चढल्याली काढ."

"आन व्हट?"

"खोटं रेटताना असतोय तसा."

"मग जरा खोटं बोला की."

"मी आयुष्यात कधी खोटं बोललो न्हाई," मी म्हणालो.

"झ्याक," पेंटर म्हणाला. "आता हलू नका."