तिसऱ्याच्या वावरात

मुलांनो, गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात माझ्या माहेरच्या दोन माणसांना दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. दोघंही जाऊन बरीच वर्षं झाली. पहिलं बोलावणं इंग्लंडहून, माझ्या नातीच्या शाळेतून. महायुद्धातल्या विजयाचा दिवस साजरा होणार आहे, घरातलं कुणी दोस्तराष्ट्रांच्या बाजूने लढलं असेल तर त्यांचा फोटो आणा आणि दोन मिनिटं बोला. म्हणजे माझे बाबा. दुसरं माझ्या गावाहून, वडनेर भोलजीच्या थोडं अलीकडे आहे तिथून. देशासाठी लढलेल्यांची नावं कोरलेला दगड ग्रामपंचायतीसमोर बसवायचा आहे. म्हणजे माझे काका. इंग्लंडला काका नको होते आणि गावाला बाबा नको होते. दोन्हीकडून हे अगदी गोड शब्दांत सांगण्यात आलं, म्हणून मला जास्त संताप आला.

आता क्रमाने सांगते.

बाबा आणि काका, सख्खे भाऊ, एकाच दिवशी खामगावला जाऊन फौजेत भरती झाले. इंग्रजांच्या फौजेत; दुसरी नव्हतीच. बाबांना ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर धाडलं, काकांना सिंगापूरला. तिथे इंग्रजांनी हात वर केले आणि काका जपान्यांच्या कैदेत गेले. त्या कैद्यांमधूनच आपल्या लोकांची एक फौज उभी राहिली, जपानच्या मदतीने इंग्रजांना देशातून हाकलायचं म्हणून. काका तिच्यात गेले. एका ताटात जेवलेले दोन भाऊ एकमेकांवर बंदुका रोखलेल्या फौजांत उभे राहिले. समोरासमोर कधी आले नाहीत, हे नशीब.

दोघांचे दोस्त कसे होते ते ऐका. बाबा एकदा रजेवर येताना बंगालमधून आले. तिथे दुष्काळ होता. गाडी थांबली की बायका खिडकीखाली मडकी धरायच्या. भात मागत नसत, भात शिजवून ओतून दिलेलं पाणी मागत. मागच्या डब्यात फौजेच्या तांदळाची पोती होती आणि त्यांना हात लावायचा नाही असा हुकूम होता. शिपायांनी आपापल्या हातातलं अन्न खिडकीतून दिलं. पोती होती तिथेच राहिली. काकांनी मला आयुष्यात एकच गोष्ट सांगितली. जपान्यांनी मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून आपलेच मजूर जंगलात रेल्वे बांधायला नेले आणि त्यातले फार थोडे परत आले. “नेले ते आपले होते,” काका म्हणाले, “आन् नेनारा आपला दोस्त होता.”

मग युद्ध संपलं. मी कॉलेजात इंग्रजीतून जी पुस्तकं वाचली ती बहुतेक इथेच मिटतात. झेंडे, मिरवणुका, विजय. बाबांनाही वाटलं होतं, आता घरी. त्यांना बोटीत बसवलं आणि जावा बेटावर उतरवलं. तिथल्या लोकांनी आपण स्वतंत्र झालो असं जाहीर केलं होतं. पण ते बेट आधी डचांचं होतं आणि डच हे इंग्रजांचे दोस्त. दोस्ताची मालमत्ता त्याला परत मिळवून द्यायची, आणि ती कुणी, तर आमच्या बाबांनी. भिंतींवर इंग्रजीत लिहिलेलं होतं की हिंदी शिपायांनो, आम्हीही तुमच्यासारखेच आहोत. बाबांच्या तुकडीच्या हवालदाराने ते वाचून दाखवलं आणि पुढे चला म्हणाला. शिपाई कमी पडले तेव्हा शरण आलेल्या जपान्यांच्या हातात पुन्हा बंदुका दिल्या. बाबांनी एका पुलावर पहारा केला. पुलाच्या या टोकाला बाबा, त्या टोकाला जपानी, दोघांवर हुकूम इंग्रजांचा. आणि त्याच महिन्यांत आमचे काका इंग्रजांच्या तुरुंगात होते. गुन्हा काय? जपान्यांशी दोस्ती केली.

हे वाक्य हवं तर पुन्हा वाचा. मी सत्तरी ओलांडली, मला ते अजून गिळता आलेलं नाही.

काका सुटले, पण फौजेत त्यांना जागा उरली नव्हती. देश स्वतंत्र झाला, त्यानेही परत घेतलं नाही. घराच्या वाटणीत दोघा भावांना एकेक बैल आला. एका बैलाने नांगर चालत नाही, म्हणून त्यांनी सावड केली: तुझा बैल, माझा बैल, जोडी दोघांची, आज तुझं शेत, उद्या माझं. मी न्याहारी घेऊन जायची तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून दोघं एकमेकांना टोमणे मारत असायचे.

“तुया राजानं काय देल्लं बे तुले?” काका विचारायचे.

“बिल्ला देल्ला. तुया जपान्यानं?”

“मले खरूज देल्ली. अजून जाऊन नाई राह्यली.”

दोघंही हसायचे. पण जावाचा विषय निघाला की बाबांचं हसू बंद. सावडीचा एक नियम आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असे. जोडीतला बैल तिसऱ्याच्या वावरात जुंपायचा असेल तर आधी त्याच्या मालकाला विचारायचं. न विचारता जुंपला तर सावड मोडली, पुढच्या वर्षी त्या माणसाशी कुणी जोडी करत नसे. बाबा म्हणायचे, “मले डचाच्या वावरात जुंपलं. कोनी इचारलं मले?”

तर मी बुलढाण्याहून बसने गावाला गेले. सरपंच तरुण आहे, माहेरच्या नात्याने मला आत्या म्हणतो. त्याने चहा मागवला, आणि मग म्हणाला, “आत्या, काकाचं नाव पयलं टाकतो. पन बाबाचं जमत नाई. ते इंग्रजाचे नोकर होते.”

“तुझ्या पणजोबांनी शेतसारा कुणाला भरला रे? काकांनाच का?”

“तसं नाई हो आत्या. ते जिकडं जुंपले तिकडं गेले. बैलाचं नाव दगडावर कोन कोरते?”

बाकावरची दोघं-तिघं हसली. रागाने माझी कॉलेजची मराठी गळून पडली. “काऊन रे, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याले तूप-हळद लावून, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं कोन म्हन्ते? तूच ना? बैलाले आवतन देतं आन् मानसाले नाई?”

“घे आता,” बाकावरचा एक म्हातारा सरपंचाला म्हणाला. “बुढी बराबर बोलून राह्यली.”

सरपंच वरमला. “बरं, टाकतो त्यायचंबी. ब्रह्मदेश, एवढं लिवतो.”

“आणि जावा,” मी म्हटलं.

“ते काऊन?”

मी सगळं सांगितलं. पूल, जपानी, तुरुंग. त्याने शेवटपर्यंत नीट ऐकलं, हे कबूल करायला हवं. मग म्हणाला, “आत्या, दगडावर मान लिवतेत, लाज नाई लिवत.”

“लाज बाबांची नाही. ज्यांनी जुंपलं त्यांची आहे.”

“हाव. पन त्यायचं नाव कुठं हाय दगडावर? नाव त बाबाचंच राहीन.”

मग बाबांचं नाव टाकूच नका, असं सांगून मी परतीची बस धरली. ब्रह्मदेशावर थांबलेले बाबा मला दगडावर नको होते. काकांचं नाव मी अडवलं नाही. तो मान त्यांचा होता आणि फार उशिरा मिळत होता. दगड बसला. मी कार्यक्रमाला गेले नाही.

नातीला मी फोटो पाठवला आणि फोनवर हे सारं सांगितलं. पोरगी हुशार. दोनच मिनिटं आहेत, विजयापर्यंत पोचलो की बाई थांबवतील, हे ओळखून तिने जावापासूनच सुरुवात केली. बाईंनी धन्यवाद म्हटलं. काल तिने मला शाळेच्या भिंतीचं चित्र पाठवलंय, मोठ्या आनंदाने. बाबांचा फोटो बरोबर मध्यभागी लावलाय. खाली सुंदर अक्षरांत लिहिलंय: आमचे दोस्त, ब्रह्मदेश आघाडी.

बाळ, तू चांगलं बोललीस. आता उद्या बाईंना नम्रपणे विचार की खाली जावा लिहाल का. लिहिणार असतील तर फोटो तिथेच राहू दे. नसतील तर त्यांचे आभार मान, आणि फोटो काढून घरी आण.