आवाजी मतदान

कोन गावच्या कमळा केणेला मराठी लघुलेखन येत होतं, आणि ते येणारं माणूस तेव्हा भिवंडीत औषधालाही सापडत नव्हतं. दामूमास्तरांच्या टायपिंग क्लासात ती शिकली. दौलतशेठ मढवी जिल्हा परिषदेवर निवडून आले, तेव्हा त्यांना असंच माणूस हवं होतं; कारण शेठना बोलता फार छान यायचं आणि लिहिता अजिबात नाही. शेठ बोलायचे, कमळा आकड्या-वेलांट्यांत उतरवून घ्यायची आणि मग टाइप करायची. वीस वर्षं हेच चाललं. शेठ खासदार झाले, पुन्हा एकदा झाले. कमळाचं लग्न राहून गेलं, त्याचं तिला फारसं वाटलं नाही. शेठचं लोकसभेतलं भाषण टीव्हीवर लागलं की तिची आई ठमाबाई शेजारणींना बोलावून सांगायची, हे माझ्या पोरीनं लिहिलंय.

त्या वर्षी दिल्लीत जंगलजमिनीचं विधेयक आलं. वज्रेश्वरीकडच्या पाड्यांवर घबराट होती, कारण कसत असलेल्या जमिनीवरचा हक्क त्यानं ढिला होणार होता. शेठनी पाड्यांवर जाऊन शब्द दिला होता की मी विरोधात उभा राहीन. विधेयक मंजूर झालं त्या दिवशी शेठ दिल्लीत नव्हतेच. ते अकलोलीला होते, कशेळीच्या एका गोदामवाल्याच्या बंगल्यात, गरम पाण्याच्या कुंडाजवळ. तिथूनच त्यांनी फोनवर मजकूर सांगितला. अकरा पाड्यांना पत्रं जाऊ देत, आपण विरोधात मत दिलं असं कळव. कमळानं विचारलं, नोंद निघाली तर? शेठ हसले.

"आवाजी मतदान झालंय. कोण हो म्हणालं, कोण नाही, याची नोंद असते का कुठं?"

कमळानं सवयीनं हेही वाक्य उतरवून घेतलं. पत्रं टाइप केली आणि टपालात टाकली.

दीड वर्षानं एका वर्तमानपत्रानं शेठच्या दोन्ही कारकिर्दींचा हिशोब छापला. नावानिशी नोंद होणारं मतदान झालं तेव्हा शेठ बहुतेक वेळा गैरहजर. विचारलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त त्या एका गोदामवाल्याच्या सोयीचे. अकलोलीच्या बंगल्याचा फोटोही होता. लोकसभेच्या आचार समितीनं शेठकडे खुलासा मागितला. शेठनी लिहून दिलं की प्रश्न त्यांना न विचारता सहायक कमळा केणे हिनं पाठवले, प्रश्न पाठवायच्या संकेतस्थळाचा पासवर्ड तिच्याकडे होता आणि तिनं विश्वासघात केला.

कमळाला हे टीव्हीवरून कळलं. दुपारी शेठची माणसं तिच्या घरी आली आणि कॉम्प्युटर, फोन, फायली घेऊन गेली. कपाटाच्या वरच्या फळीवर तिच्या लघुलेखनाच्या एकेचाळीस वह्या होत्या. त्यातल्या एकानं एक वही उघडली, कोंबडीनं चिखलात पाय दिल्यासारखं दिसलं, आणि परत ठेवून दिली.

पोलिसांनी तिला दोन दिवस बसवून ठेवलं. गावात लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पण ती आली की गप्प व्हायचे. ठमाबाईनं एकदाच विचारलं, "काय केलंस ग?" लेकीनं सांगितलं ते तिला पटलं की नाही, कोण जाणे. चौथ्या महिन्यात म्हातारी गेली. शेठनी हार पाठवला, वर त्यांच्या नावाची पट्टी. कमळानं तो हार दारातूनच परत केला, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली वही खाली काढली.

वह्या साध्या लिपीत उतरवायला तिला दोन महिने लागले. प्रत्येक पानावर तारीख होती. गोदामवाल्याचे प्रश्न शेठनी शब्दाशब्दांनी सांगितलेले होते, मध्येच "स्वल्पविराम पण बदलू नको" हेसुद्धा. ऐंशीच्या दामूमास्तरांनी भिंग लावून वाचलं आणि उतारा बरोबर असल्याची पानापानावर सही केली. तिनं ते सगळं समितीकडे पाठवलं. समितीनं तिला दिल्लीला बोलावलं. ती वाचत गेली आणि शेठ समोर बसून टेबलाकडे बघत राहिले. तिला फार बरं वाटलं.

अहवाल आला तो असा: संबंधित सदस्यांनी अधिक सावध राहायला हवं होतं, त्यांना ताकीद देण्यात येते. कमळा निर्दोष असल्याचं सदतिसाव्या पानावर एका ओळीत होतं.

एवढ्यानं तिचं काय होणार? निवडणूक सहा महिन्यांवर होती. भाऊ भावेश रिक्षा चालवायचा. त्याच्या रिक्षातून ती अकराही पाड्यांवर गेली. अंगणात बसून शेठचं ते आवाजी मतदानाचं वाक्य वहीतून वाचायची, आणि सोबत त्या दिवशीचा लोकसभेचा हजेरीपट दाखवायची. शेठची सही नव्हती.

तिसऱ्या पाड्यावर बुधी नावाची एक बाई शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग ते जुनं पत्र घेऊन आली. तिनं ते प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं.

"हे लिवलं कोनी? तूच ना?"

"मीच."

"तुला तवा ठाव होतं?"

"होतं."

"मंग आता आमच्यासाठी आलीस, का तुज्यासाठी?"

कमळाला खोटं बोलता आलं असतं. "माझ्यासाठी," ती म्हणाली. बुधीनं पत्र परत पिशवीत घातलं आणि घरात गेली. कमळा उठली, पुढच्या पाड्यावर गेली आणि तिथंही तेच वाचलं.

प्रचार संपत आला तेव्हा शेठ स्वतः कोनला आले. वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या घरात पाय ठेवला. जाहीर माफी मागतो म्हणाले, म्हणशील तिथं.

"माफी नको शेठ. तुम्ही पडायला पाहिजे."

समोरचा उमेदवार माझ्याहून वाईट आहे, हे तुलाही माहीत आहे, असं शेठ म्हणाले. ते खरंच होतं.

"असेल," कमळा म्हणाली. "पण कमळीनं केलं, असं तो बोलला नाही."

शेठ पडले. अकराही पाड्यांवर त्यांना नावाला मतं मिळाली. मतमोजणीच्या दिवशी कमळा सकाळपासून केंद्राबाहेर उभी होती, त्यांचं तोंड बघायला. पण गाडी काळ्या काचा लावून निघून गेली. त्याची चुटपुट तिला आजही आहे. नवा खासदार पहिल्या अधिवेशनात एकदाही उभा राहिला नाही. भावेशनं ते वाचून दाखवलं, तेव्हा तिनं ताटातला बोंबील संपवला आणि आणखी भात मागितला.

हल्ली ती तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहिते. बुधी जमिनीच्या दाव्याचे कागद घेऊन येते, काम करून घेते, चहा घेत नाही. कमळा आग्रह करत नाही.

शेठचा फोन अधूनमधून येतो. त्यांना आत्मचरित्र लिहायचंय आणि त्यांचं बोलणं उतरवून घेणारं कोणी मिळत नाही, असं तिच्या कानावर आलंय. कमळा उचलत नाही. कटही करत नाही. टेबलावर ठेवून वाजू देते.