तीन नंबरचा खांब झोपत नाई

अंगात येणं, उतारा, करणी... सत्तर वर्षांत मी यातलं काहीच मानलं नाई. मानणाऱ्याले तोंडावर मूर्ख म्हटलं. चौथी शिकलो, लिहिण्यात चुकलो तर चालवून घ्या.

समुद्रपूर तालुक्यात माझी वांग्या-टमाटरची दोन एकर वाडी आहे. तिथं एका योजनेतून पाच खांब गाडले. वर तळहाताएवढी सोलरची पाटी, खाली मातीतली ओल मोजणारा काटा. दर अर्ध्या तासानं मोबाईलवर मेसेज. बसवणारी मॅडम सिंदी मेघेची. ती म्हणे, "काका, मेसेज पाठवला का खांब झोपते. पाटीवर धूळ बसली, बॅटरी उतरली, तर तीन-तीन तास झोपते. झोपला म्हणजे मेला नाई, वीज वाचवते."

आमच्या घरवालीनं, पंचफुलानं, ते मनावरच घेतलं. तीन नंबरच्या खांबाजवळ ती एक वाजता भाकर खाये. त्याच्या आधी ओल्या पदरानं त्याची पाटी पुसे. मी जोरात बोललो का म्हणे, "हळू बोला नं जी, झोपला हाये तो."

"तुह्या माहेरचा पाहुणा हाये का?"

"तुमच्याहून बरा. कामापुरतं बोलते."

दिवाळीनंतर ती दवाखान्यात होती. त्या दुपारी नर्स म्हणे, झोपल्या आहेत. मी म्हटलं, झोपू द्या. खाली चहा प्यायले गेलतो... वर आलो तं संपलं होतं. हात लावून पाह्यला असता तर? तो किडा अजून डोक्यात वळवळते.

तेरवीपर्यंत वाडीत गेलो नाई. बाजूले रस्त्याचं काम, मुरमाची धूळ. चार खांब तीन-तीन तासांनी बोलत. तीन नंबर मात्र दर अर्ध्या तासाले. मॅडम पाहाले आली. चार पाट्या लाल, तीन नंबरची धुतल्यासारखी.

"काका, ही कोण पुसते?"

"कोणी नाई."

मले राग आला. कोणीतरी मस्करी करून राह्यलं असन. ती गेल्यावर मी त्या पाटीवर बोटभर चिखल थापला. तिसऱ्या दिवशी मेसेज — बॅटरी कमी. मग गप.

चौथ्या दिवशी सकाळपासून धुऱ्याच्या बांधावर बसलो, नजर हलवली नाई. तीन तास झाले, चार झाले. बसवत नाई, उठवत नाई. पुन्हा मीच झोपू दिलं, असं वाटून राह्यलं.

एक वाजता फोन वाजला. तीन नंबर. बॅटरी फुल.

जवळ गेलो. चिखल जागच्या जागी. पण चार दिवसांचा, भर उन्हातला तो चिखल ओला होता. हाताले लागला.

मॅडमले फोन केला तं म्हणे, "मोजण्यात चूक असन. वर्ध्याले नेऊन खोलून पाहते."

"नेऊ नका."

"काऊन काका?"

मी फोन ठेवला. चिखल मी धुतला. आता दुपारची पाटी मीच पुसतो. हे काय झालं, मले आजही समजलं नाई. पण खांब गप वाटला का उठून जातो, हात लावून पाहतो. कधी गरम लागते, कधी गार. त्यावरून काही कळत नाई.